ओढ्यामागचा हातभट्टीचा अड्डा : गिऱ्हाईक नसलेल्या शेजारणीचा रिव्ह्यू

लोक मिसळीचे रिव्ह्यू लिहितात, सलूनचे लिहितात, परवा एकानं आमच्या इथल्या पंक्चरवाल्याचा पण लिहिलेला बघितला, पण आमच्या भागात सगळ्यात जास्त गर्दी ज्या दुकानाला असते त्याच्याबद्दल कुणी एक ओळ लिहीत नाही. ना पाटी, ना मॅपवर नाव, ना जीएसटी. ओढ्याच्या पलीकडं बाभळीच्या मागं, हातभट्टीचा अड्डा. मग म्हटलं आपणच लिहावं. मी काय त्यांची गिऱ्हाईक नाही हे आधीच सांगते, म्हणजे चव न घेता कसं काय लिहिता असं कुणी विचारायला नको. पण माझं किराणा दुकान त्या बोळाच्या तोंडाशीच आहे त्यामुळं जाणारा कसा जातो आणि येणारा कसा येतो हे दोन्ही दिसतं, आणि ज्यांची उधारी माझ्या वहीत महिनोन्महिने तशीच पडून आहे त्यातले निम्मे तिकडचे रोख गिऱ्हाईक. रोख बरं का.

टायमिंगला पैकीच्या पैकी. सरकारमान्य देशीच्या दुकानाला उघडायची-बंद करायची वेळ असते, ड्राय डे असतो, निवडणूक आली की शटर खाली. हे कधीच बंद नसतं, २ ऑक्टोबरला तर डबल धंदा. पहाटे पाचला पण चालू, कारण हमाली करणारे, गटारी उपसणारे, वीटभट्टीवर जाणारे लोक कामाच्या आधीच एक ग्लास मारून जातात, त्याशिवाय हात चालत नाही म्हणतात, आणि गटारात उतरणाऱ्या माणसाला मी कोण शिकवणार. ते असो.

भाव पण कमीच आहे, मान्य करावं लागतं. ग्लास वीस-तीस रुपयांत, प्लास्टिकचा फुगा घेतला तर जरा जास्त. आता २०२५ मध्ये सरकारनं दारूवरचा कर वाढवला तेव्हा देशीच्या १८० मिलीच्या बाटलीची कमीत कमी किंमत ८० रुपये ठरली, नवीन ती महाराष्ट्र मेड लिकर काढली ती १४८, आणि इंग्लिश २०५ च्या पुढं. तिजोरीत पैसे येतील ते येतील, पण आमच्या बोळातून जाणारी वर्दळ तेव्हापासून वाढलीय हे मी गल्ल्यावर बसून सांगते. पाचशे रुपये हजेरीचा माणूस ऐंशीची बाटली रोज नाही घेऊ शकत, म्हणून तो सोडतो असं नाही, तो ओढा ओलांडतो. हे कर लावणाऱ्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही.

आता माल. इथं मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण किराणावाली म्हणून यातलं मला थोडं कळतं. आमच्या सासऱ्यांच्या काळात दुकानात नवसागर असायचा, कल्हईवाले न्यायचे. आता पितळी भांडीच राहिली नाहीत, कल्हईवाला वर्षात एखादा फिरकला तर फिरकला, तरी मधे मधे कुणीतरी येऊन विचारतं, ताई नवसागर ठेवता का, किलोनं पाहिजे. सोबत काळा गूळ, तो पण खायच्या गुळासारखा निवडून नाही, जेवढा खराब आणि स्वस्त तेवढा बरा. समजायचं ते समजतं माणूस. मी ठेवणं बंद केलं, पण गावात न ठेवणारी मी एकटी असून काय होतंय. पेपरात धाडीची बातमी येते त्यात ही यादी कायम तीच असते बघा, काळा गूळ, नवसागर, तुरटी, कच्चं रसायन इतके लिटर. त्यात बॅरलचं कुणी लिहीत नाही. ते दोनशे लिटरचे निळे बॅरल भंगारवाल्याकडनं येतात, भंगारवाल्याकडं कारखान्यातनं, आणि त्यात आधी काय होतं ते अर्धवट फाटलेल्या लेबलावर इंग्रजीत लिहिलेलं असतं. कवटीचं चित्र असलेलं लेबल मी स्वतः बघितलंय, ओढ्याला पूर आला तेव्हा बॅरल वाहत आमच्या पुलाला अडकला होता. त्यात पंधरा दिवस गूळ सडवून ती दारू निघते आणि माणसं म्हणतात घरची आहे, गावठी आहे, केमिकल नाही, इंग्लिशपेक्षा शुद्ध. पहिल्या धारेची असेल तर विचारूच नका, काय ते कौतुक. भट्टीतनं सुरुवातीला जे निघतं त्यात हलके, लवकर उकळणारे विषारी भाग जास्त असतात, म्हणून रीतसर कारखान्यात ते वेगळं काढून टाकतात, आमच्याकडं त्यालाच मान.

काडी लावून बघायची पण एक पद्धत आहे. निळी ज्योत आली की माल चांगला. याच्याइतका फसवा प्रकार दुसरा नसेल कारण मिथेनॉल, म्हणजे कारखान्यात वापरतात ते विषारी अल्कोहोल, पण फिकट निळंच जळतं, उन्हात तर दिसत पण नाही, आणि दारूत ते मिसळलेलं असलं तर काडीला काय कळणार. वासानं कळत नाही, चवीनं कळत नाही. लॅबमध्येच कळतं, आणि लॅबमध्ये ते बहुतेक वेळा माणसं मेल्यावर जातं.

मिथेनॉलचं लोकांना नीट माहीत नाही म्हणून लिहिते. गुळाच्या सडव्यात ते आपोआप फार तयार होत नाही. जिथं जिथं पन्नास-शंभर माणसं एका दमात गेली तिथं ते कुणीतरी बाहेरनं आणून घातलेलं आहे, कारण रंग, थिनर, औषधं बनवायच्या कारखान्यात ते लागतं, पिंपानं मिळतं, त्यावर दारूसारखा कर नाही आणि प्यायल्यावर सुरुवातीला झिंग तशीच येते. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत हेच झालं, १०६ माणसं गेली, कित्येकांचे डोळे गेले, आणि खटल्याचा निकाल लागला २०२४ मध्ये, चारजण दोषी, बाकीचे सुटले. ही झोपडपट्टीतली रोजंदारीची माणसं होती, रोज तिथंच पिणारी, त्या दिवशी वेगळं काही केलं नव्हतं त्यांनी. २०२२ ला गुजरातेत बोटाद जिल्ह्यात तर भट्टी लावायचे पण कष्ट कुणी घेतले नाहीत, अहमदाबादच्या कंपनीतनं चोरलेलं मिथेनॉल, त्यात पाणी, झाली दारू, चाळीसच्या वर माणसं मेली. आणि त्यातल्या रोजिद गावच्या सरपंचानं काही महिने आधीच पोलिसांना लेखी कळवलं होतं की आमच्या गावात दारू विकली जातेय, बंदोबस्त करा. हे वाचलं तेव्हा मी दुकानात एकटीच बसले होते आणि मला जाम राग आला होता. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे. बरं बंदी नको म्हणावं तर तमिळनाडूत सरकार स्वतःच दुकानं चालवतं, तिथं कल्लाकुरिचीला २०२४ च्या जूनमध्ये पाकिटातली दारू पिऊन साठच्या वर गेले. म्हणजे बंदी असो नाहीतर सरकारी दुकान असो, ज्याला ते परवडत नाही तो पिशवीवाल्याकडं जाणारच.

तब्येतीचं एक महत्त्वाचं, हे नीट वाचा. मिथेनॉलवाली दारू प्यायल्यावर माणूस लगेच पडत नाही. रात्री पितो, झोपतो, सकाळी उठतो, नेहमीसारखं डोकं जड, मळमळ, घरचे म्हणतात उतरली नाही अजून, लिंबू द्या. शरीर त्या मिथेनॉलचं हळूहळू फॉर्मिक अ‍ॅसिड करत असतं आणि बारा-चोवीस तासांनी पोटात कळा, उलट्या, दम लागणं आणि डोळ्यापुढं धुकं सुरू होतं, काहींना सगळं पांढरं फेक दिसतं. दारूड्याला कमी दिसतंय म्हटल्यावर घरात कुणाला आश्चर्य वाटत नाही हाच सगळ्यात मोठा घोळ आहे. दिसायला कमी झालं की तो हँगओव्हर नाही, १०८ ला फोन करा, मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या जिथं डायलिसिस आहे, आणि लाज न बाळगता डॉक्टरला सांगा की हातभट्टी प्यायलाय, कधी प्यायलाय, सोबत अजून कोण होतं. उरलेली पिशवी असेल तर सोबत न्या. याच्यावर उतारा आहे, फोमेपिझोल म्हणून औषध येतं, ते नसेल तर डॉक्टर शुद्ध अल्कोहोल मोजूनमापून देतात, पण ते त्यांनी करायचं, घरी अजून एक ग्लास पाजून नाही. आणि सोबत प्यायलेले बाकीचे ठणठणीत दिसत असले तरी त्यांना पण उठवून न्या. पोलीस केस होईल म्हणून लोक दडवतात, दोन दिवस काढतात, तोवर डोळे गेलेले असतात.

सर्व्हिस आणि वातावरण. अड्डा चालवणारीला सगळे मावशी म्हणतात, मी पण मावशीच म्हणते. बोलायला गोड बाई, नवरा ह्याच दारूनं गेला, दोन पोरी पदरात. एकदा साखर घ्यायला आली तेव्हा मी म्हटलं मावशी कशाला हा धंदा, तर म्हणाली, "वहिनी, तुम्ही साखर विकता, तुमच्या साखरेनं कुणाला शुगर झाली तर तुम्हाला कुणी विचारतंय का?" उत्तर होतं माझ्याकडं पण दिलं नाही. नंतर कळलं की भट्टी तिची नाहीच. आधी ती स्वतः लावायची, आता पाच वर्षं झाली माल बाहेरनं येतो, पहाटे जीपमधनं, ट्रकच्या रबरी ट्यूबमध्ये भरून, ती नुसती मोजून विकते आणि कमिशन घेते. मी विचारलं आत काय असतं, ती म्हणाली आणणाऱ्याला ठाऊक. आणणाऱ्याला तरी कुठं ठाऊक असणार, तो ड्रायव्हर. ह्या गोष्टीनं मी खरी हादरले. म्हणजे विकणारीला माहीत नाही, आणणाऱ्याला माहीत नाही, पिणाऱ्याला माहीत नाही, आणि उद्या काही झालं तर आत जाणार कोण तर मावशी.

कुणी म्हणेल हातानं काढलेली दारू म्हणजे वाईटच असं थोडंच आहे, तर नाहीच. गोव्यात काजूची फेणी लोक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या भट्टीवर काढतात, आधी हलकी हुर्राक मग फेणी, २००९ मध्ये तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, लायसन आहे, भट्टी कुणाची आहे हे गावाला आणि सरकारला माहीत असतं. माल बिघडला तर कुणाच्या दारात जायचं हे कळतं. आमच्या ओढ्यामागं हाच एक प्रश्न कुणाला विचारता येत नाही.

आजूबाजूच्या लोकांसाठी हा अड्डा कसा आहे, तर हा भाग मी सगळ्यात शेवटी लिहिणार होते पण खरं तर हाच मुख्य आहे. पिणारा वीस रुपये देतो, बाकीचे पैसे आम्ही देतो. सार्वजनिक नळ ओढ्याच्या बाजूला, पाणी संध्याकाळी सातला येतं, सातनंतर बायका एकट्या जात नाहीत, दोघी-तिघी मिळून जातात, नाहीतर पोराला पाठवतात. क्लासला जाणाऱ्या मुली पुलावरनं यायच्या त्या आता हायवेला वळसा घालून येतात, आणि हायवेवर काय कमी धोका आहे का. पुलाच्या कठड्यावर आठवी-नववीतली पोरं बसलेली असतात मोबाईल घेऊन, खेळत नसतात ती, अनोळखी गाडी आली की फोन करायचं काम असतं, त्याचे पन्नास रुपये आणि गुटख्याची पुडी. त्यातली दोन माझ्या दुकानात चॉकलेटं घ्यायची लहान असताना. शाळेत त्यांची नावं अजून पटावर आहेत.

शनिवारी पगार होतो. शनिवारी रात्री गल्लीत कुणाच्या घरात काय चाललंय ते कान न लावता ऐकू येतं. भांडणं आधी पण व्हायची, पण मधे एकदा दोन सख्ख्या भावांनी एकमेकांवर विळा उगारला, कारण काय तर बिडीचं बंडल. रविवारी सकाळी दोघं माझ्या पायरीवर मिळून चहा पीत होते, एकाच्या हाताला टाके, काही आठवत नव्हतं. मोटरसायकलवाल्यांचं तर बोलायलाच नको, बोळातनं थेट हायवेला लागतात. कुठल्यातरी भट्टीवरनं टाकून दिलेला सडवा ओढ्यातनं वाहत येतो, उन्हाळ्यात त्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत येतो, आणि धनगराच्या दोन शेळ्या तो सडवा खाऊन मेल्या, त्याची भरपाई मागायला तो बिचारा कुणाकडं जाणार.

कस्टमर केअर, म्हणजे तक्रार केली तर काय होतं. नाव लिहीत नाही, पण एका ऑफिसात आमच्या बचत गटानं मिळून अर्ज दिला, सह्या केल्या, पोच घेतली. धाड पडली, पडली नाही असं नाही. ट्यूबा फाडल्या, माल ओढ्यात ओतला, फोटो काढले, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. मावशीला नेलं, संध्याकाळी जामिनावर परत. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी पहाटे जीप. आणि त्याच आठवड्यात ज्या बाईची सही अर्जावर पहिली होती तिच्या पत्र्यावर रात्री दगड पडले. अर्ज ऑफिसातनं ओढ्यापलीकडं कसा पोचला ते विचारू नका, आम्ही पण विचारलं नाही. त्यानंतर सह्या करायला निम्म्या बायका येईनात आणि मी त्यांना दोष देत नाही. माझी स्वतःची सही पाचवी होती, त्यामुळं मला दगड नाही, नुसता एकजण दुकानापुढं गाडी लावून अर्धा तास बसून गेला, काही न घेता.

कुणीतरी सुचवलं आडवी बाटली करा. अहो ते मतदान लायसन असलेल्या दुकानासाठी असतं. गावात एक सरकारमान्य देशीचं दुकान आहे ते आम्ही उद्या मतदानानं बंद करू शकतो, पण ज्याला परवानाच नाही त्याचा परवाना रद्द कसा करणार. उलट देशीचं बंद झालं तर मावशीकडं अजून गर्दी. चंद्रपुरात २०१५ ला दारूबंदी झाली आणि २०२१ ला उठवली, तेव्हा अवैध धंदा वाढला हेच कारण सरकारनं पुढं केलं होतं. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, पण तिथं २०१६ पासून मुक्तिपथ नावाच्या दारू-तंबाखूविरोधी मोहिमेचं काम चालतं, गावोगाव बायकांच्या संघटना मोहाचा सडवा शोधून काढतात आणि नष्ट करतात, आणि सोबत तालुक्याला व्यसनी माणसासाठी क्लिनिक पण आहे, ही दुसरी गोष्ट मला जास्त पटली, कारण पिणाऱ्याचं काय करायचं ह्याचं उत्तर आमच्याकडच्या धाडीत कुठंच नसतं.

सोलापूर ग्रामीण पोलिसांनी केलं ते पण वेगळं होतं. तेजस्वी सातपुते एसपी असताना २०२१ मध्ये ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं, मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी जिथं घराघरात हातभट्टी होती तिथं धाडी तर टाकल्याच पण अधिकाऱ्यांना गावं वाटून दिली, दारू सोडणाऱ्या कुटुंबाला दुसरं काम लावून द्यायचं बघितलं, बायकांना शिवणकाम वगैरे. माझी मावशी अशा ठिकाणी असती तर ती सुटली असती असं मला वाटतं, जीपवाला सुटला नसता आणि सुटू पण नये. त्याच्यासाठी कायदा आहे की, १९८१ चा, एमपीडीए म्हणतात तो, त्याच्या नावातच झोपडपट्टीदादांच्या बरोबरीनं हातभट्टीवाले लिहिलेलं आहे, वर्षभर स्थानबद्ध करता येतं. आमच्याकडं तो लागतो का, तर मी तरी ऐकलं नाही. लागला तर मावशीला लागू नये एवढंच.

रेटिंग द्यायचं तर टायमिंग पाच, भाव चार, माल शून्य, सुरक्षा शून्य, तक्रार निवारणाला एक, तो पण त्या पोचपावतीच्या शिक्क्याचा. सध्या आमचं चाललंय ते असं की अर्जात आता कुणा एकीची सही नाही, ग्रामसभेचा ठराव आहे, त्यामुळं दगड मारायचे तर सगळ्या गावाच्या पत्र्यावर मारावे लागतील. सोबत दोन मागण्या जोडल्यात, पुलावर दिवा आणि नळाची वेळ सकाळची करा. दिव्याचं झालं तर मी रेटिंग बदलणार नाही, पण लिहीन.